गोष्टीच्या तासाची आखणी पुस्तकांपासून करा

सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातला पहिला कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानात झाला. त्याच गावात बालविभागाचं कपाट कुलपात दिसलं की जीव तुटतो. सुट्टीत कार्यक्रम होतो, पोरं खाऊ घेऊन घरी जातात आणि देवघेवीच्या टेबलावर एकही नवा बालसभासद येत नाही. याचं कारण एवढंच, की कार्यक्रम आधी ठरतो आणि पुस्तकं नंतर आठवतात.

म्हणून सुरुवात पुस्तकांपासून करा. २५ मुलं येणार असतील तर ४० पुस्तकं काढून ठेवा. ती दाखल नोंदवहीत, म्हणजे ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक लिहून ठेवतात त्या वहीत, चढलेली, शिक्का मारलेली, त्याच दिवशी घरी देता येण्यासारखी हवीत. टेबलावर पाठकण्याने रचू नका, मुखपृष्ठ वर करून पसरा. सहा वर्षांचं पोर कण्यावरचं नाव वाचत नाही, चित्र बघून हात घालतं.

४ ते ७ आणि ८ ते १२ हे दोन गट वेगळे ठेवा. एकत्र बसवले की मोठी मुलं शेवट आधीच सांगून टाकतात आणि लहानगी रडकुंडीला येतात. लहान गटाला ४५ मिनिटं पुरेत: एक गोष्ट, हातवाऱ्यांचं गाणं, दुसरी गोष्ट, मग १५ मिनिटं चित्र किंवा कागदकाम. तिसरी छोटी गोष्ट हाताशी असावी, कारण एखादी जमली नाही तर ती अर्ध्यात सोडण्यात कमीपणा नाही.

पुस्तक धरायचीही रीत आहे. खालून मधोमध अंगठा, पानं मुलांकडे, पुस्तक आपल्या कानाच्या बाजूला. मजकूर तिरक्या नजरेने वाचायचा. पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं, नाहीतर हाताने चित्र झाकतं. खिडकी सांगणाऱ्याच्या पाठीशी नको, उजेड मुलांच्या डोळ्यांवर येतो.

वैशाखात सकाळी साडेआठची वेळ धरा. जून ते ऑगस्ट दाराशीच बादली आणि दोरी लागते. ओले रेनकोट आत आले की सतरंजी भिजते आणि पुस्तकांना बुरशी धरते.

पाहुण्यांचं भाषण आणि बक्षीस समारंभ, दोन्ही टाळा. तीन जणांना बक्षीस मिळतं, बाकीचे बावीस हिरमुसून घरी जातात.

सभासदत्वाचा अर्ज आठवडाभर आधी पालकांकडे पोचवा, अनामत किती तेही त्यावर लिहा. त्या दिवशी पाकीट घरी राहिलं तर पुस्तक टेबलावरच राहतं.

फाटलेलं पुस्तक परत आलं तर रागावू नका, नाहीतर ते मूल पुन्हा येणार नाही. चिकटपट्टीही नको, ती पिवळी पडून पानाला डाग पाडते. पातळ कागद आणि मैद्याची खळ घ्या आणि जोडायला त्या मुलालाच शेजारी बसवा.