परिसर अभ्यासाच्या पानावर मुलं नेमकी कुठे अडतात?

तिसरी-चौथीतलं मूल गोष्ट घडाघडा वाचतं आणि परिसर अभ्यासाचं पान उघडलं की तिसऱ्या ओळीत थबकतं. त्यावर सर्रास चालणारा उपाय म्हणजे फळ्यावर 'शब्दार्थ' लिहून देणं. क्षार म्हणजे लवण, अधिवास म्हणजे निवासस्थान. मुलं ते सुवाच्य अक्षरात उतरवतात, पाठही करतात. लवण म्हणजे काय, हे विचारायचं राहूनच जातं.

गोष्टीत एखादा शब्द निसटला तरी चित्रं आणि संवाद सावरून घेतात. माहितीच्या उताऱ्यात ती सोय नसते, तिथे एक वाक्य सुटलं की पुढची दोन कळत नाहीत. ऐरोली, वाशी, कळव्याच्या मुलांना जवळचा वाटेल असा हा छोटा उतारा पाहा:

"ओहोटीच्या वेळी ठाणे खाडीतील पाणी ओसरते व चिखलाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. या चिखलातील सूक्ष्म शैवाल हे लहान रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे प्रमुख अन्न आहे. परिणामी, हिवाळ्यात हजारो रोहित येथे स्थलांतर करून येतात. खारफुटीअभावी किनाऱ्याची धूप होते व त्यांचा अधिवास धोक्यात येतो."

यातले शिकवायचे शब्द कोणते, असं विचारलं तर बहुतेक शिक्षक शैवाल, स्थलांतर, खारफुटी आणि अधिवास सांगतील. हे शब्द अवघड दिसतात, म्हणून मुलं त्यांचा अर्थ विचारतात तरी. खरी फसगत होते ती 'धूप', 'परिणामी' आणि 'अभावी' या शब्दांवर. धूप म्हटल्यावर कुणाला देवापुढची धूप आठवते. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाला ऊन आठवतं, आणि किनाऱ्यावर ऊन पडतं हे वाक्य त्याला छान पटतंही! म्हणून 'न कळलेले शब्द अधोरेखित करा' या सूचनेवर विसंबू नये. धूपखाली कुणीच रेघ ओढत नाही. त्यापेक्षा पाठाच्या आदल्या दिवशी चार-पाच मुलांना एकेक वाक्य वाचून आपल्या शब्दांत सांगायला लावावं. कुठे काय शिकवायचं ते दहा मिनिटांत कळतं.

दीडशे-दोनशे शब्दांच्या उताऱ्यामागे पाच-सहा शब्द पुरे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर केले आहेत: रोजच्या बोलण्यातले, अनेक विषयांत पुन्हा पुन्हा येणारे आणि एकाच विषयाचे. निवड करताना मधल्या थराला झुकतं माप द्यावं. विस्तीर्ण, प्रमुख, परिणामी हे शब्द उद्या इतिहासात आणि परवा विज्ञानात भेटणारच आहेत. शैवालासाठी मात्र एक वाक्य बास: तळ्याच्या पाण्यावर हिरवट थर येतो, तो बराचसा शैवालाचा. वाचनाआधी फक्त दोनच शब्द घ्यावेत, ज्यांच्यावाचून उताऱ्यात शिरताच येणार नाही ते. इथे ओहोटी आणि खारफुटी. दोन्ही फोटो दाखवून पाच मिनिटांत होतात. बाकीचे शब्द वाचताना, त्या त्या वाक्यापाशी थांबून.

खाडीकाठच्या गावांतली मुलं इथे बाकीच्यांच्या पुढे असतात. चिंबोरी, निवटी (चिखलातला मासा), तिवर (खारफुटीचं झाड) हे त्यांच्या घरातलेच शब्द. शब्दकार्डावर 'खेकडा' लिहिताना त्याखाली 'चिंबोरी'ही लिहावं, आणि ते कार्ड त्यांच्याकडूनच करून घ्यावं.

'अधिवास'सारखा कल्पनेचा शब्द फोटोने भागत नाही. त्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेयर आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडलेला चार चौकटींचा आराखडा उत्तम. अर्धा कार्डशीट, चार मुलांचा गट, मधोमध शब्द. चार कोपऱ्यांत अर्थ, खुणा, उदाहरणं आणि 'हे उदाहरण नव्हे'. छापील तक्त्यांत अर्थ सगळ्यांत आधी असतो. लहान मुलांकडून तो शेवटी लिहून घ्यावा, नाहीतर पाठ्यपुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरतं. आधी उदाहरणं: रोहितासाठी खाडीतला चिखलपट्टा, बिबट्यासाठी ठाण्याजवळच्या येऊरचं जंगल. मग खुणा: अन्न, पाणी, निवारा, पिल्लं वाढवायला जागा.

सगळा कस लागतो चौथ्या कोपऱ्यात. तिथे मुलं 'टेबल', 'चंद्र' असं काहीही लिहितात. चूक नाही, पण उपयोगही शून्य. अगदी जवळ जाऊन हुकणारं उदाहरण मागावं. प्राणिसंग्रहालयातला पिंजरा? तिथे अन्न आहे, पाणी आहे, निवाराही आहे, मग अधिवास का नाही? हा वाद पाच मिनिटं रंगू द्यावा. 'तो तिथे आपणहून राहत नाही, त्याचं खाणं माणूस आणून देतो' हे मुलांच्याच तोंडून येतं. घरटं? ते अधिवासातला एक भाग. येऊरचं जंगल बिबट्याच्या तक्त्यात उदाहरण, रोहिताच्या तक्त्यात नव्हे. हे जमलं की शब्द समजला असं धरायला हरकत नाही. पहिल्या वेळी यात अख्खी तासिका जाते. आठवड्याला असा एकच शब्द घ्यावा. रोज चौकटी भरायला लावल्या की तोही शब्दार्थांसारखाच उतरवण्याचा कारखाना होतो.

'परिणामी'सारख्या वाक्यं जोडणाऱ्या शब्दांसाठी कागदाच्या पट्ट्या वापराव्यात. एका पट्टीवर 'शैवाल हे रोहितांचे अन्न आहे', दुसरीवर 'रोहित खाडीत येतात', आणि तीन सुट्या चिठ्ठ्या: परिणामी, कारण, याउलट. 'परिणामी' लावलं तर शैवाल आधी, 'कारण' लावलं तर रोहित आधी. मुलांनी पट्ट्या हाताने उलटसुलट केल्या की कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे समोरच दिसतं.

'अभावी'ची अडचण वेगळी. ते नामाला चिकटून येतं, त्यामुळे 'खारफुटीअभावी' हा मुलांना एकच लांबलचक अनोळखी शब्द वाटतो. पेन्सिलीने मध्ये उभी रेघ मारायला शिकवावं: खारफुटी | अभावी. मग पाण्याअभावी, पावसाअभावी, डब्याअभावी; शेवटचं उदाहरण मुलंच काढतात. नुसार, खेरीज, ऐवजी यांनाही हीच रेघ.

शब्द फोडताना एक सावधगिरी. 'स्थलांतर'मधलं 'अंतर' मुलं किलोमीटरमध्ये मोजतात. इथे त्याचा अर्थ 'दुसरं'. शेजारी रूपांतर आणि भाषांतर ठेवलं की पटतं.

भिंतीवर एका वेळी दहा-बारा शब्दांच्या वर काही लावू नये. दोन-तीन आठवड्यांनी जुने उतरवून डब्यात टाकावेत आणि अधूनमधून त्यातली चिठ्ठी काढायला लावावी. तपासताना 'अर्थ सांगा' नको. 'मैदानात साचलेलं डबकं हा बेडकाचा अधिवास म्हणता येईल का? का?' असं विचारावं. 'हो'ला गुण नाहीत, 'नाही'लाही नाहीत. गुण फक्त 'का'ला.