बर्फात थांबलेली गाडी

आज दुपारी माकोतो शिनकाई यांचा २००७ सालचा ‘फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंद’ हा जपानी ॲनिमेशनपट पाहिला आणि त्या जेमतेम तासाभराच्या प्रेमकथेने मला संध्याकाळपर्यंत दुसरे काहीही सुचू दिले नाही. शाळकरी ताकाकी दूर गेलेल्या आकारीला भेटायला तोक्योहून निघतो, बर्फामुळे गाडी पुन्हा पुन्हा थांबते, तिच्यासाठी लिहिलेले पत्र फलाटावर वाऱ्याने उडून जाते, आणि रात्री फार उशिरा इवाफुने स्थानकात पोहोचल्यावर ती शेगडीजवळ मान खाली घालून अजून बसलेलीच दिसते. (तोवर मीच चारदा घड्याळ पाहिले होते.) मात्र डोळे भरून आले ते शेवटच्या रेल्वे फाटकापाशी, गाड्या निघून जातात, पलीकडे ती नसते, आणि तो किंचित हसून चालू लागतो.