पावणेतीनची उलटी

मंगळवार, पहाटे साडेतीन

बाळ आत्ता कुठे झोपलंय. गाऊन बदलला तरी आंबट वास जात नाहीये.

पावणेतीनला खोकल्याची उबळ आली, चेहरा लालबुंद झाला आणि प्यायलेलं सगळं दूध माझ्या अंगावर. फुटलेल्या दुधाच्या गाठी, त्यात तार सुटलेला कफ. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी रडले होते. आज त्याला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं आणि दिवा लावून उलटीचा रंग बघितला. हिरवी असेल तर घड्याळ न बघता दवाखाना गाठायचा, असं डॉक्टरांनी बजावलंय. पांढरीच होती. सात महिन्यांच्या जिवाला कफ थुंकता येत नाही. तो गिळतो आणि उबळ आली की पोटातून वर काढतो. दहा मिनिटांनी थोडंसंच पाजलं. राहिलं.

तेवढ्यात सासूबाई उठून आल्या. "अगं, मधाचं बोट लाव जिभेला."

"वर्षाच्या आत मध नाही, आई." या आठवड्यात चौथ्यांदा.

"तुझ्या नवऱ्याला लावला होता, काही झालं का?"

नवरा शेजारी घोरत होता. काय बोलणार? ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवू दिली. कापूर मात्र नाही, त्यावरून कालच वाजलंय.

फ्रिजच्या दारात थोरलीच्या खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली आहे. खोटं कशाला बोलू, दोनदा हात गेला तिकडे. पण आम्ही नागपूरचे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची मुलं इथल्याच दवाखान्यांत आणली होती, भेसळीच्या खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडं निकामी झालेली. भेसळ नसली तरी दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नका, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानेही तेव्हा बजावलं होतं. बाटली सकाळी टाकून देते.

नाकात सलाइनचे दोन-दोन थेंब घातले. मग झबलं वर करून मोबाइलवर मिनिट लावलं आणि पोटाकडे बघत श्वास मोजले. या वयात मिनिटाला 50 किंवा जास्त झाले, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जायला लागली, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. 44 आले. कालपासून सहा दुपटी ओली झालीत, म्हणजे पोटात पाणी टिकतंय.

पुन्हा मोजायला घेतले तर सासूबाई चष्मा लावून शेजारी बसल्या आणि ओठांतल्या ओठांत त्याही मोजायला लागल्या. माझे 43, त्यांचे 46.

"तू मधे एक-दोन सोडलेस," म्हणाल्या.

परत मोजतोय.