घरचा सर्व्हर, टप्पा तिसरा: काय घरी आणलं, काय बाहेरच ठेवलं

मागच्या टप्प्यात जुन्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली चढवून झालं होतं. आता तो कामाला लागलाय. फोटोंसाठी इमिच, फाइल्ससाठी सिंकथिंग, कॅलेंडर आणि संपर्कांसाठी रॅडिकाले, असा सध्याचा संसार आहे. झाकण बंद करून लॅपटॉप राउटरशेजारी ठेवलाय आणि घरातल्या सगळ्या फोनमधले फोटो रात्री आपोआप त्याच्याकडे जातात. या नोंदीत थोडं हार्डवेअर आहे, फाइलींच्या नावांची एक किचकट भानगड आहे, आणि बरीचशी नोंद एका प्रश्नाबद्दल आहे: कोणतं काम दुसऱ्याकडे सोपवावं आणि कोणतं नाही. सर्व्हरवर काय काय हलवायचं हे ठरवताना हा प्रश्न रोज समोर येत होता. मोठ्या कंपन्या ज्याला आउटसोर्सिंग म्हणतात तेच मी छोट्या प्रमाणावर उलटं करत होतो.

आधी वीज. चोवीस तास चालणाऱ्या यंत्राचा हिशोब सोपा आहे: एक वॅट वर्षभर अखंड चालू राहिला की ८.७६ युनिट होतात. प्लगला मीटर लावून पाहिलं तर स्क्रीन बंद आणि फारसं काम नसताना हा लॅपटॉप सात वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे वर्षाला साठेक युनिट. याच कामाला जुना डेस्कटॉप जुंपला असता तर त्याने नुसतं बसून पन्नास-साठ वॅट खाल्ले असते आणि आकडा पाचशेच्या घरात गेला असता. नवीन यंत्र घ्यायचंच असेल तर इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घ्या, असं मी सांगेन. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा छोटा संगणक मला मनापासून आवडतो. २०१२ मध्ये तो आला नसता तर माझ्यासारखे कितीतरी जण या नादाला लागलेच नसते. पण सेन्सर आणि मोटरींशी खेळायला त्याच्यासारखा दुसरा नाही म्हणून तो सतत डिस्कवर लिहिणाऱ्या सर्व्हरलाही चांगला, असं होत नाही. एसडी कार्ड अशा माऱ्यापुढे टिकत नाही, आणि एसएसडी, केस, पॉवर सप्लाय जोडत गेलं की पायचा सुटसुटीतपणा संपतो.

लॅपटॉपचा मोठा फायदा म्हणजे बॅटरी. वीज गेली तरी सर्व्हर चालू राहतो, वेगळा यूपीएस लागत नाही. मात्र लिथियम-आयन सेल कायम भरलेला ठेवला की लवकर म्हातारा होतो. पूर्ण चार्ज झाल्यावर सेलचा व्होल्टेज ४.२ पर्यंत जातो. त्या व्होल्टेजला आणि त्यात उष्णतेला महिनोन्‌महिने राहणं त्याला झेपत नाही. बऱ्याच लॅपटॉपांवर लिनक्समधून चार्जिंगची मर्यादा घालता येते. मी ती साठ टक्क्यांवर बांधली आहे, कारण या यंत्राला प्रवासाला जायचं नाही. ज्यांच्या मॉडेलला ही सोय नाही त्यांनी बॅटरी काढून छोटा यूपीएस लावावा. आणि अधूनमधून तळाचं झाकण फुगलंय का हे बोट फिरवून पाहावं. हे काम कंटाळा न करता करा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट लॅपटॉप अडगळीत चाललेत. तुमच्या आसपास असा एखादा असेल तर तो सोडवून आणा. चार कोर, आठ जीबी रॅम आणि सॅटा एसएसडी एवढ्यावर घरचा सर्व्हर आरामात चालतो. सॅटाचा वेग प्रत्यक्षात सेकंदाला ५५० एमबीच्या पुढे जात नाही, पण गिगाबिट नेटवर्कमधून ११०-११५ एमबीपेक्षा जास्त येतच नाहीत. तेव्हा एनव्हीएमई ही सॅटाहून वेगवान डिस्क नाही म्हणून अडून बसू नका.

केबलीबद्दलही सांगतो. यूएसबी-सी हे टोकाचा आकार सांगतं, वेग सांगत नाही. फोनसोबत येणाऱ्या बऱ्याच केबलींच्या आत यूएसबी २ च्याच तारा असतात, म्हणजे कमाल ४८० मेगाबिट, आणि हातात पडतात सेकंदाला पस्तीस-चाळीस एमबी. बाहेरच्या एसएसडीवरून फोटोंचा डोंगर हलवायचा असेल तर एसएसडीसोबत आलेलीच केबल वापरा आणि तिला रंगीत टेप गुंडाळून ठेवा. एकसारख्या दिसणाऱ्या केबली हा मला आजच्या गॅजेटांमधला सगळ्यात वाईट प्रकार वाटतो.

आता फाइलींची नावं, म्हणजे मराठीत नावं देणाऱ्यांसाठी या नोंदीतला सगळ्यात उपयोगी भाग. मॅकवर वापरलेल्या जुन्या डिस्कवरचे फोल्डर सर्व्हरवर आणल्यावर ‘दऱ्या’, ‘खोऱ्यातली वाट’ अशी काही नावं शोधात सापडेनात. डोळ्यांना अक्षरं अगदी तीच दिसत होती. कारण असं की युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एक सबंध अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता असे दोन कोड जोडून. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल व्यवस्था नावं सुटी करून साठवते. लिनक्सच्या लेखी नाव म्हणजे नुसती बाइटांची माळ, त्यामुळे एकसारखी दिसणारी दोन नावं त्याला वेगळी वाटतात. एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात! उपाय म्हणजे कॉन्व्हएमव्ही हे छोटं साधन एनएफसी (म्हणजे सुटे कोड जोडून सबंध अक्षर करण्याच्या) पर्यायासह चालवायचं. ते आधी नुसती यादी दाखवतं आणि वेगळं सांगितल्याशिवाय काही बदलत नाही, ही त्याची मला फार आवडलेली गोष्ट. फाइली नकलणाऱ्या आरसिंकने थेट मॅकवरून आणत असाल तर त्यातही रूपांतराचा पर्याय आहे.

हे मी एवढं लांबवून लिहितो त्याला कारण आहे. फोटो दुसऱ्याच्या सेवेत असते तर शोधात न सापडणारं नाव मला कधी समजलंही नसतं. ‘सापडत नाही’ एवढंच कळलं असतं, ‘का’ ते कळलं नसतं. काम सोपवताना त्या कामाची समजही आपण नकळत देऊन टाकतो, आणि नुकसान तिथे सुरू होतं.

तरी ईमेल मी बाहेरच ठेवलंय, आणि तिथेच राहील. स्वतःचा मेल सर्व्हर उभा करणं अवघड नाही. पत्र खरंच आपल्याच डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी एका संध्याकाळी बसवता येतात. पण घरगुती कनेक्शनवर मेल पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट बहुधा बंदच असतं, आणि घरगुती आयपी पत्त्यावरून आलेल्या पत्रावर मोठे मेलवाले विश्वास ठेवत नाहीत. आपलं पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हे काम जे दिवसरात्र तेच करतात त्यांना पैसे देऊन द्यावं. मी एवढंच केलंय की डोमेन माझं स्वतःचं आहे आणि आयमॅप या मेल वाचायच्या पद्धतीने सगळ्या पत्रांची प्रत घरी उतरते. सेवा पटली नाही तर डोमेनच्या नोंदी बदलून मी दुसऱ्याकडे जाऊ शकतो. पत्ता तोच राहतो.

यातून माझी कसोटी ठरली: परत घेता येईल तेच बाहेर द्यायचं. गूगलने रीडर ही ब्लॉग-बातम्या एकत्र वाचायची सेवा १ जुलै २०१३ ला बंद केली तेव्हा वाचकांना फीडची (म्हणजे वाचायच्या साइटींची) यादी ओपीएमएल फाइलमध्ये उतरवून दुसरीकडे नेता आली. २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह नावाचा घरातली उपकरणं चालवणारा हब त्याच्या मालक कंपनीने बंद केला, तेव्हा लोकांच्या हातात फक्त डबा उरला, कारण सगळी अक्कल कंपनीच्या सर्व्हरवर होती. दोन्हीकडे सेवा संपली, पण एकीकडे वाट ठेवलेली होती. म्हणून ‘स्मार्ट’ म्हणून विकलं जाणारं काहीही घेण्याआधी मी एकच बघतो: इंटरनेट बंद असताना ते चालतं का. चालत नसेल तर घेत नाही.

संगणकाच्या इतिहासालाही हीच कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. १९८१ चा आयबीएम पीसी झपाट्याने बाजारात आला कारण प्रोसेसर इंटेलचा घेतला आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. आयबीएमचं म्हणावं असं त्यात मुख्यतः बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, होतं. कॉम्पॅकने मूळ कोडला हात न लावता तसंच चालणारं बायोस स्वतः लिहून घेतलं. मायक्रोसॉफ्टने डॉस, म्हणजे तीच ऑपरेटिंग सिस्टिम, इतरांना विकायचा हक्क स्वतःकडे ठेवला होताच. त्यामुळे पुढे पीसीचा धंदा सगळ्यांचा झाला आणि २००५ मध्ये आयबीएमने आपला पीसी विभाग लेनोव्होला विकला. आपल्या छंदासाठी ही फार चांगली गोष्ट घडली, आयबीएमसाठी नाही.

इंटेलची प्रतिस्पर्धी चिप कंपनी एएमडीचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. २००९ मध्ये त्यांनी चिप बनवायचे कारखाने वेगळे काढले आणि त्यांची ग्लोबलफाउंड्रीज झाली. ‘स्वतःचे कारखाने नसलेली चिप कंपनी कसली’ असं तेव्हा बोललं जायचं. २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने सात नॅनोमीटरच्या, म्हणजे आणखी बारीक चिपांच्या, तंत्राचं काम सोडून दिलं, तरी एएमडीचे झेन २ प्रोसेसर २०१९ मध्ये टीएसएमसी या दुसऱ्या चिप उत्पादकाच्या सात नॅनोमीटरवर बाहेर पडले आणि त्यांनी बाजार हलवला. उत्पादन बाहेर होतं, पण आराखडा आणि तो आखणारी माणसं घरची होती, म्हणून उत्पादक बदलता आला. त्याच काळात कारखाने स्वतःकडे ठेवणारी इंटेल दहा नॅनोमीटरवर वर्षानुवर्षं अडकून होती. सगळं घरीच करणं हाही विमा नाही.

सॉफ्टवेअरच्या आउटसोर्सिंगबद्दलही माझं मत यावरच उभं आहे. १९८९ मध्ये कोडॅकने आपली संगणक केंद्रं आयबीएमला चालवायला दिली आणि मोठ्या कंपन्यांमध्ये ही रीत रुजली. वायटूकेच्या (२००० सालच्या तारखांच्या घोळाच्या) वेळी कोबोल या जुन्या भाषेतल्या कोडच्या दुरुस्तीचं प्रचंड काम भारतातल्या प्रोग्रॅमरांकडे आलं. ‘बाहेरून करून घेतलेला कोड वाईटच असतो’ हे मी खूप वेळा ऐकलंय आणि मला ते मुळीच मान्य नाही. कोणत्या देशात बसून लिहिला यावर कोडचा दर्जा ठरत नाही. काम देणाऱ्याकडे तो वाचून ‘हे असं का केलं?’ विचारणारं एक तरी माणूस उरलंय का, यावर ठरतो. ते माणूस कपातीत गेलं की पुढची पाच वर्षं चुकांची जबाबदारी इकडून तिकडे टोलवण्यात जातात आणि शिव्या मात्र लिहिणाऱ्याला बसतात.

मुक्त सॉफ्टवेअर वापरतो तेव्हा आपणही काम बाहेर देतच असतो, बहुतेकदा बिनपगारी माणसांना. मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण आठवा. जवळजवळ एकट्या स्वयंसेवकाने सांभाळलेल्या या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कोणीतरी मोठ्या चिकाटीने विश्वास मिळवून मागचं दार बसवलं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये ते होतं. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला एसएसएचने (दूरच्या यंत्रात शिरायच्या साधनाने) लॉगइन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो मागे लागला आणि ते उघडकीला आलं. अर्ध्या सेकंदाची विचारपूस करणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर आहे. मी डेबियनची स्थिर आवृत्ती वापरण्यामागचं एक कारणही हेच: तिच्यापर्यंत त्या आवृत्त्या पोहोचल्याच नव्हत्या.

एआयकडून स्क्रिप्ट लिहून घेण्यालाही माझा हाच नियम. ठरल्या वेळी बॅकअप सुरू करणाऱ्या टायमरची सिस्टिमडी फाइल (लिनक्समधली सेवा चालवणाऱ्या प्रणालीची फाइल) त्याच्याकडून लिहून घेतली, प्रत्येक ओळ मॅन्युअलशी ताडली, न कळलेला एक पर्याय काढून टाकला आणि मगच लावली. वेळ वाचलाच, शिवाय टायमर कसा चालतो तेही शिकायला मिळालं.

बॅकअप. एक प्रत सर्व्हरवर, दुसरी कपाटातल्या डिस्कवर, तिसरी रेस्टिक या बॅकअपच्या साधनाने कुलूपबंद करून भाड्याच्या साठ्यात. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएचचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं, तेव्हा क्लाउड म्हणजेही कुठलीतरी इमारतच असते हे पुन्हा दिसलं. म्हणून जागा कोणाचीही चालेल, पण प्रती तीन ठिकाणी हव्यात. साठा दुसऱ्याचा असला तरी पासफ्रेज कागदावर लिहून घरीच ठेवलाय. रेड (दोन डिस्कवर एकच डेटा ठेवायची सोय) लावलंय म्हणून बॅकअप नको, असं मात्र कोणी म्हणू नका: चुकून पुसलेली फाइल रेड दोन्ही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसतं.

बाहेरून घरी पोहोचायला वायरगार्ड हा व्हीपीएन, म्हणजे कुलूपबंद जोडरस्ता, आहे. २०२० पासून तो लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, कोड चारेक हजार ओळींचा आणि ओळख न पटलेल्या डेटाच्या पाकिटाला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट उघडं आहे हेही बाहेरून सहजी समजत नाही. ज्यांना अनेकांत सामायिक आयपी मिळतो त्यांच्या घरी बाहेरून थेट पोहोचता येत नाही, म्हणून त्यांना आयपीव्ही६ किंवा मध्ये एखादा स्वस्त भाड्याचा सर्व्हर लागेल.

पुढच्या टप्प्यात दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर फक्त तिसऱ्या प्रतीतून सगळं पुन्हा उभं करून बघणार आहे, सध्याच्या सर्व्हरला हात न लावता. त्यासोबत इमिचमध्ये अनेक भाषा समजणारं शोधाचं मॉडेल बसवायचंय, म्हणजे ‘पावसातला किल्ला’ असं टाइप करून फोटो निघतात का ते कळेल. या जुन्या प्रोसेसरवर सगळे फोटो नव्याने चाळायला बराच वेळ लागणार. कोणी हे आधी केलं असेल तर कोणतं मॉडेल, कोणता प्रोसेसर, किती रॅम आणि हजार फोटोंना किती वेळ लागला, एवढं जरूर कळवा.