गरम झाली की बंद, थंड झाली की चालू

माझी छोटी पेट्रोल गाडी १९९२ची, कार्बुरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच). जुन्या गाडीतला सगळ्यात छळणारा दोष तिच्यात होता. शहरात सकाळी कितीही फिरवा, काही नाही. वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याकडे येताना, किंवा संध्याकाळी रंकाळ्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना मात्र इंजिन बंद. अर्धा तास थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. गॅरेजात नेईपर्यंत गाडी थंड झालेली असते, मिस्त्रीला काहीच सापडत नाही, आणि मग अंदाजाने एकेक पार्ट बदलणं सुरू होतं. पैसे याच अंदाजात जातात.

हा दोष पकडायची वेळ एकच, गाडी बंद पडल्यावरची पहिली पाचेक मिनिटं. म्हणून मी तो मुद्दाम घडवून आणायचं ठरवलं. कोल्हापूरकरांना त्यासाठी पन्हाळ्याचा रस्ता उत्तम. अंतर वीसेक किलोमीटर, वाघबीळपासून सलग चढ, आणि गाडी अडलीच तर मदत जवळ. सोबत एक चांगला प्लग, रबरी मुठीची पक्कड, मल्टिमीटर, पाण्याची बाटली आणि फडकं. गाडी वळणावर उभी करायची नाही. हँडब्रेक लावून चाकाला दगड द्यायचा.

बंद कशी पडते, यावरूनच निम्मं कळतं. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी आधी आचके देते, ॲक्सिलेटर दाबला तरी ओढत नाही आणि हळूहळू मरते. करंट जात असेल तर दिव्याचं बटण बंद केल्यासारखं इंजिन एका क्षणात थांबतं. माझ्या गाडीत कधी असं, कधी तसं व्हायचं. म्हणजे दोष दोन होते, आणि म्हणूनच एक पार्ट बदलून निकाल लागत नव्हता.

बोनेट उघडल्यावर आधी पेट्रोल बघतो, कारण ठिणगी पाडण्याआधी तिथं गळती नाही ना, हेही कळतं. चावी बंद. एअर फिल्टरचं झाकण काढून कार्बुरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलेटरची केबल हाताने ओढायची. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बुरेटरच्या छोट्या टाकीत, पेट्रोल आहे. मग झाकण परत लावायचं आणि प्लगची एक वायर काढून तिच्यात जादा प्लग बसवायचा. इंजिनातले प्लग जागेवरच राहू द्यायचे. जादा प्लगची धातूची बाजू कार्बुरेटरपासून लांब, इंजिनच्या बॉडीला पकडीने टेकवायची, गाडी न्यूट्रलला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. निळी, टकटक वाजणारी ठिणगी हवी. पिवळसर, अशक्त किंवा शून्य ठिणगी आली तर दोष करंटचा, कार्बुरेटरला हात लावायचा नाही.

माझ्याकडे पिचकारी होती, ठिणगी नव्हती. चावी चालू करून कॉइलच्या (बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीपुरतं वाढवणारा भाग) प्लसवर व्होल्टेज बघितलं. ते बॅटरीच्या जवळपास होतं, म्हणजे चावीचा स्विच आणि वायरिंग ठीक. मग चावी बंद करून कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढल्या आणि प्लस-मायनसमधला रेझिस्टन्स मोजला. थंड असताना ३.१ ओहम दाखवणारी कॉइल गरम असताना अनंत दाखवत होती. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे ३०वरून ८० अंशांवर गेल्यावर ३.१चे ३.७ होणं स्वाभाविक आहे. अनंत म्हणजे आतली तार तापून फुगल्यावर तुटलेल्या जागी सुटते आणि निवल्यावर पुन्हा टेकते. थंड गाडीत हे दिसणं शक्यच नाही.

कॉइल घेताना मल्टिमीटर दुकानात घेऊन जा, हे मी आग्रहाने सांगेन. सारख्याच दिसणाऱ्या कॉइली दोन जातींच्या असतात. सुमारे ३ ओहमची थेट १२ व्होल्टवर चालते. सुमारे दीड ओहमचीला वेगळा बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा जादा रेझिस्टन्स, लागतो. बॅलास्ट नसलेल्या गाडीत दीड ओहमची बसवली तर करंट ४ ॲम्पिअरऐवजी ८पर्यंत जातो, पॉइंट जळतात आणि नवी कॉइलही लवकर जाते. आणखी एक. पॉइंटवाल्या गाडीत इंजिन बंद ठेवून चावी पूर्ण चालू ठेवू नका. पॉइंट जुळलेले असले तर कॉइल एकटीच ५० वॅटच्या आसपास वीज खाऊन तापत बसते.

कॉइल बदलल्यावर एकदम थांबणं संपलं, आचके राहिले. इथं सर्वांत स्वस्त चाचणी टाकीच्या झाकणाची. आचके सुरू होताच झाकण उघडा. फस्सकन हवा आत गेली आणि गाडी सुधारली तर झाकणाचं छिद्र बुजलंय. माझं ठीक होतं. मग ओलं फडकं इंजिनवरच्या फ्युएल पंपावर आणि त्याच्या पाइपवर ठेवलं. दोन-तीन मिनिटांत गाडी सुरळीत झाली, तर पाइपात पेट्रोलची वाफ धरते आहे असं समजायचं. माझ्या गाडीत थोडाच फरक पडला. खरा अडथळा पेट्रोलच्या फिल्टरमध्ये होता, काळ्या रबराच्या कणांचा.

हे कण नळ्यांचे. एप्रिल २०२३पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचं रबर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेलं नव्हतं. जुनी नळी बाहेरून धड दिसते, आतून सुटते. वाकवून भेगा बघा, टोक कापून आतून बोट फिरवा. बोट काळं झालं तर टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, जादा पेट्रोल टाकीत परत नेणारीही. नळीवर 'एसएई जे३० आर९' (इंधनाच्या नळ्यांचं मानक) छापलेलं बघून घ्या आणि क्लिपाही नव्या लावा. इथेनॉल टाकीतला जुना थरही सोडवतं, म्हणून नवा फिल्टर पाचेकशे किलोमीटरनंतर पुन्हा बदलायचा. फिल्टरवरचा बाण इंजिनकडे.

याच वेळी डिपस्टिकचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी वाढलेली असेल तर पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटलाय. मग पंप आणि ऑइल दोन्ही बदलेपर्यंत गाडी चालवू नका; पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

एका वेळी एकच बदल, मग पुन्हा पन्हाळ्याची चढण, मग वहीत तारीख, किलोमीटर आणि ओहम. काढलेली कॉइल मात्र स्पेअर म्हणून डिकीत ठेवू नका. थंड असताना ती मीटरवर चांगलीच दिसेल आणि पुढच्या घाटात कोणीतरी विश्वासाने बसवेल. तिचं वायर जोडायचं टोक तोडून भंगारात द्या.