तुम्ही विचारलंत म्हणून : ‘आत काही नाही ना?’

‘एक्स-रेत काही दिसलं नाही, म्हणजे आत काही नाही, असंच ना?’

हा प्रश्न विचारणारे निम्मे लोक फौंड्रीवाले असतात. कोल्हापुरात ते साहजिकच आहे. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात ज्यांचं आयुष्य कास्टिंगमध्ये गेलंय, त्यांना एक्स-रे नवा नाही. ओतीव लोखंडात हवेचा बुडबुडा अडकला, तर फिल्मवर तो काळा ठिपका होऊन दिसतो. ठिपका दिसला की माल रिजेक्ट, नाही दिसला की ट्रकमध्ये. ही सवय अंगात मुरलेली माणसं माझ्याकडूनही तसंच उत्तर मागतात, आणि मी ‘तसं नाही हो’ म्हटलं की त्यांना वाटतं, बाई टाळतेय.

माझं काम कॉम्पोझिटचे स्कॅन तपासण्याचं. कॉम्पोझिट म्हणजे कार्बनचे किंवा काचेचे तंतू रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट राळेत, बसवून केलेली वस्तू. गावाकडच्या मातीच्या भिंतीत भुसा कालवतात, त्याच घराण्यातला हा पदार्थ, फक्त श्रीमंत झालेला. अशा वस्तूंचं सीटी स्कॅन पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत होतं. माझ्या घरी येते ती फक्त हार्ड डिस्क. (शेजारच्या काकूंना सांगून झालंय की किरण तिकडेच राहतात. अशा यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू असतात, ते माझ्या गॅलरीत कोण ठेवू देईल?)

दवाखान्यात आपण निपचित पडतो आणि यंत्र आपल्याभोवती फिरतं. आमच्याकडे उलटं असतं. यंत्र जागेवर, आणि वस्तू छोट्या फिरत्या पाटावर. ती जराशी फिरते, एक्स-रेची एक सावली टिपली जाते, पुन्हा जराशी फिरते. एका स्कॅनला अशा हजार-दोन हजार सावल्या. झाडांच्या राईभोवती चालताना जसं होतं तसंच हे आहे : एका जागेवरून दोन खोडं एकामागे एक लपतात, चार पावलं पुढं गेलात की वेगळी होतात. सगळीकडून फिरलात, तर कुठलं झाड कुठं आहे हे आत न शिरताही सांगता येईल. असं सांगणं शक्य आहे, हे योहान राडोन या गणितज्ञानं १९१७ मध्येच सिद्ध केलं होतं. प्रत्यक्ष माणसाचं स्कॅन व्हायला १९७१ उजाडलं. म्हणून मी वारंवार सांगते, सीटीचं चित्र हा फोटो नव्हे, तो हिशेब आहे. आणि हिशेब कुठल्या वजनमापानं केला, हे विचारावं लागतं.

लोखंडात अडचण असते ती किरण पार जाण्याची. पण एकदा गेले, की लोखंड आणि हवा यांतला फरक ढळढळीत दिसतो. कार्बनच्या कॉम्पोझिटमधून किरण सहज जातात, पंचाईत पुढं होते. तंतू कार्बनचा आणि रेझिनमध्येही मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनच. दोघंही किरणांना जवळपास सारखेच अडवतात. गुळाच्या ढेपेत साखर शोधण्यासारखं काम. त्यात कार्बनचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, केसाच्या दहाव्या भागाइतका. काचेचे तंतू त्या मानानं समंजस. त्यांच्यात सिलिकॉन, कॅल्शियम असतं, त्यामुळे ते उठून दिसतात. इचलकरंजीत मागावर काम केलेल्या एका गृहस्थांना मी काचेच्या कापडाचं स्कॅन दाखवलं होतं. ताणा-बाणा एकमेकांवरून कसा लहरत जातो ते बघून त्यांनी रेझिनकडे लक्षच दिलं नाही. ‘हितं सूत ढिलं पडलंय’ एवढंच म्हणाले, आणि बरोबर होते.

आता माझी फजिती सांगते, कारण खरं उत्तर तीतच आहे.

आमच्या भागात उसावर फवारणी करणारे ड्रोन आता बरेच दिसतात. असा ड्रोन चालवणारा एक मुलगा त्याच्या ड्रोनचा हात घेऊन आला. कार्बनच्या तंतूंचे थर एकावर एक चढवून केलेली नळी, ४० मिलिमीटर व्यासाची. विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारेला घासून आपटली होती. वरून पाहिलं तर नखानं ओरखडल्याएवढी खूण. त्यानं विचारलं, ‘ताई, आत काही नाही ना?’

नळी पुण्याला पाठवली. पूर्ण रुंदी चित्रात बसवायची म्हणजे सुमारे ५० मिलिमीटरचा पट्टा, आणि सावली टिपणाऱ्या डिटेक्टरवर आडवे २००० बिंदू. भागाकार केला की २५ मायक्रॉन. म्हणजे चित्रातला प्रत्येक ठोकळा, आम्ही त्याला व्हॉक्सेल म्हणतो, २५ मायक्रॉनचा. असे ८०० कोटी ठोकळे. मी दोन दिवस त्यांच्यातून फिरले. थर सरळ, रेझिन भरलेलं, पोकळ्या नगण्य. अहवालात लिहिलं : ‘थर सुटल्याचं आढळलं नाही.’

माझे एक फौंड्रीवाले काका त्याच संध्याकाळी चहाला आले होते. नळीही पुण्याहून परत आली होती, टेबलावरच होती. त्यांनी खिशातून रुपया काढला आणि नळीवर टकटक वाजवत गेले. टण, टण, टण, आणि खुणेपाशी एकदम बद्द.

‘पोरी, हितं काहीतरी हाय. कास्टिंगला चीर असली की असंच बोलतंय.’

मी जरा रागानंच नळी परत पाठवली. या वेळी फक्त खुणेची जागा, किरणांच्या उगमाजवळ आणून, ८ मायक्रॉनला. एवढ्या मोठेपणाला चित्रात जेमतेम १६ मिलिमीटर मावतात. तिथं राखाडीत राखाडी अशी एक अस्पष्ट रेघ दिसली. मग झिंक आयोडाइडचं द्रावण ओरखड्यावर मुरवून पुन्हा स्कॅन केलं. जस्त आणि आयोडीन किरणांना दणकून अडवतात. द्रावण जिथं शिरलं तिथं पांढऱ्या पाकळ्या उमटल्या : थरा-थरांमध्ये, वर लहान, आत जाल तशा मोठ्या, आणि प्रत्येक पाकळी खालच्या थरातल्या तंतूंच्या दिशेनं लांबलेली. कॉम्पोझिटला ठोसा बसला की असंच होतं. वरचा थर साळसूद, नासधूस खाली.

पहिल्या स्कॅनमध्ये ते का दिसलं नाही? कारण भेग मिटलेली होती. समजा, ती ५ मायक्रॉन उघडी आहे. २५ मायक्रॉनच्या ठोकळ्यात तिचा वाटा पाचवा हिस्सा. ठोकळा काळा होत नाही, किंचित मळकट होतो, आणि तेवढा मळकटपणा चित्रातल्या साध्या खरखरीतही असतो. कधी कधी नशिबानं दिसते, पण नशिबावर अहवाल लिहिता येत नाही. द्रावणही सगळीकडे पोचत नाही. भेगेला पृष्ठभागापर्यंत वाट असेल तरच. आणि एकदा ते मुरवलं की नळी वापरातून बाद.

‘मग कापूनच बघायचं की!’ असंही लोक सुचवतात. कापलं तर एकच पातळी दिसते, आणि करवत स्वतःच चार नव्या भेगा पाडून जाते. मग कुठली खांबाची आणि कुठली करवतीची, यावर भांडत बसा.

पोकळ्यांचं प्रमाण हाही असाच नाजूक विषय. विमानाच्या भागांत ते साधारण १ टक्क्याच्या आत लागतं. पण राखाडी छटेत ‘इथून पुढं हवा’ ही सीमा आखणारी मीच असते. ती थोडी सरकवली की एकाचे दोन टक्के होतात. म्हणून सीमा कशी ठरवली हे न लिहिता नुसता आकडा देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

तेव्हापासून अहवालात मी लिहिते : ‘२५ मायक्रॉनच्या स्कॅनमध्ये, या भागात, उघडी भेग आढळली नाही.’ गिऱ्हाइकांना हे वाक्य आवडत नाही. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, ‘ह्यात आत काय नाही असं कुठं लिहिलंयस?’ मी म्हटलं, कुठंच नाही.

त्या मुलानं नळी बदलली. अजून त्याचा ड्रोन महिन्या-दोन महिन्यांनी कशावर तरी आपटतोच. फोटो पाठवून तो तोच प्रश्न विचारतो. मी उलट विचारते : कुठं लागलं, कशानं, आणि रुपया वाजवून बघितलास का?