कॅम्पबेल बेचे देऊळ : रोजनिशीतील तीन पाने

परळ, शुक्रवार, रात्री उशिरा

आज दादरला वर्गणीदारांची बैठक झाली आणि शिखराचा विषय पुन्हा निघाला. ग्रेट निकोबार बेटावर, कॅम्पबेल बे येथे, तिथल्या मराठी कुटुंबांसाठी विठ्ठल-रखुमाईचे जे छोटे देऊळ आम्ही सगळे मिळून बांधत आहोत, त्याचे जोते, खांब आणि तुळया यंदाच्या कोरड्या हंगामात पुऱ्या झाल्या; छप्पर, फरशी आणि गाभारा पुढच्या जानेवारीत हाती घ्यायचा आहे. बैठकीतील एका ज्येष्ठ देणगीदारांची इच्छा आहे की शिखर दगडी आणि कोरीव असावे, बंदरात शिरणाऱ्या बोटीला ते दुरून दिसावे, आणि त्याचा सारा खर्च ते स्वतः उचलतील. त्यांची श्रद्धा निखळ आहे, त्यांनी आजवर दिलेला पैसाही कुठला गाजावाजा न करता दिलेला आहे, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणताना मला फार जड गेले. तरीही मी नाही म्हणाले आणि त्याची कारणे सगळ्यांसमोर सविस्तर मांडली.

तो दगड तिथे न्यायचा तर ट्रकने चेन्नई किंवा कोलकाता, तिथून जहाजाने पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, आणि तिथून दुसऱ्या जहाजाने आणखी पाचशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, कार निकोबार, कामोर्टा अशी बंदरे घेत कॅम्पबेल बेला. एवढे करून दगड पोचलाच, तरी तो चढवायला, सांधायला आणि पुढे एखादी चीर गेली तर दुरुस्त करायला बेटावर पाथरवट नाही. त्याहून मोठे कारण भूकंपाचे आहे. इमारतीला बसणारा हादरा तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो, आणि ते वजन जितके उंचावर तितका खांबांवरचा ताण वाढतो. देशाचे भूकंपाच्या धोक्यानुसार विभाग पाडणाऱ्या ज्या नकाशावरून आम्ही आराखडा केला, त्यात मुंबई तिसऱ्या विभागात येते, तर अंदमान-निकोबार सर्वाधिक धोक्याच्या पाचव्या विभागात. तिथे माणसांच्या डोक्यावर टनावारी दगड रचून ठेवणे मला मान्य नाही, मग ते देवाच्या नावाने का असेना.

बैठकीतल्या तरुण मंडळींपैकी काहींना मुळात हेच ठाऊक नव्हते की इतक्या दूर मराठी माणसे राहतात. म्हणून ती हकिकत इथे लिहून ठेवते. १९६९ ते १९८० या काळात केंद्र सरकारने ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावर ३३० माजी सैनिकांची कुटुंबे वसवली. त्यांत पंजाबचे होते, तमिळनाडू, केरळ, आंध्रचे होते आणि महाराष्ट्राचेही होते. माझ्या आईचे मामेभाऊ, आमचे थोरले मामा, त्यांतलेच. साताऱ्याकडची कोरडवाहू शेती भावांच्या हवाली करून ते मामींना घेऊन गेले, तेव्हा समोर रान होते आणि हातात कुऱ्हाड. नारळ, सुपारी लावून त्यांनी ती जमीन उभी केली. वस्त्यांना गांधीनगर, शास्त्रीनगर, लक्ष्मीनगर, गोविंदनगर अशी नावे पडली. मामांच्या वस्तीत एक छोटे देऊळ होते, पत्र्याचे, आणि आषाढी-कार्तिकीला तिथे टाळ वाजत असत.

२६ डिसेंबर २००४ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास धरणी हलली आणि पाठोपाठ समुद्र आत आला. बेटाचा दक्षिण भाग नुसता बुडाला नाही, तर खचला. बेटाच्या दक्षिण टोकाचा, इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ आधी कोरड्या जमिनीवर होता. जमीन सव्वाचार मीटर खाली गेल्यामुळे तो आता पाण्यात उभा आहे. गांधीनगर, शास्त्रीनगर उद्ध्वस्त झाले, दक्षिणेकडचा रस्ता ठिकठिकाणी समुद्राने गिळला, आणि वाचलेल्या माणसांना कॅम्पबेल बेला पत्र्याच्या निवाऱ्यांत हलवले गेले. देवळाचा मागमूस राहिला नाही. त्यानंतरची इतकी वर्षे भजन कोणाच्या ना कोणाच्या पडवीत होत आले आहे. आता गांधीनगर-शास्त्रीनगरच्या त्याच पट्ट्यात विमानतळाचा प्रस्ताव आहे, त्यामुळे जुन्या जागी परतण्याची आशा मामांच्या पिढीने सोडून दिली. देऊळ आता बांधावे आणि माणसे जिथे राहतात तिथेच बांधावे, हा निर्णय त्यांचा आहे, आमचा नव्हे.

रविवार, दुपार

काल मीटर रीडिंग, बँक आणि पाहुणे यांत दिवस गेला. आज निवांतपणे कामाविषयी लिहिते, कारण पुढच्या तुकडीतल्या स्वयंसेवकांना हे उपयोगी पडेल.

मी उभे आयुष्य मुंबईत इमारतींचे आराखडे करण्यात घालवले, पण वाळू म्हणजे काय हे मला त्या बेटावर नव्याने शिकावे लागले. चहूकडे पांढरीशुभ्र वाळू पसरलेली असते आणि तिला हात लावायचा नसतो. एक तर ती पोवळ्याच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची, मिठाने भरलेली. ती काँक्रीटमध्ये गेली की आतली सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की काँक्रीट आतून फोडते. दुसरे असे की किनाऱ्यावरची वाळू उपसण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशापासून कडक निर्बंध आहेत, आणि ते योग्यच आहेत, कारण त्याच बेटाच्या गालाथिया खाडीत लेदरबॅक जातीची प्रचंड समुद्री कासवे अंडी घालायला येतात. म्हणून आम्ही दगड फोडून केलेली चुरा-वाळू वापरली. ती महाग पडली, उशिरा आली, आणि ती येईपर्यंत सगळे खोळंबून राहिले. त्या रिकाम्या दिवसांत चिडचिड होऊ नये यासाठी आम्ही कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्याला टेकू नये म्हणून मध्ये ठेवायचे काँक्रीटचे छोटे ठोकळे, ओतून ठेवले, ती एक चांगली गोष्ट झाली.

पाण्याचेही तसेच. साइटजवळच्या विहिरीचे पाणी चवीला गोड लागत होते आणि मिस्त्री म्हणत होते की हेच वापरू. मामांची नात तिथल्या शाळेत बारावीला विज्ञान शिकते. तिने प्रयोगशाळेतल्या शिक्षकांना विचारून सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली आणली; पाण्यात मीठ असेल तर त्याने ते पांढरे होते. आम्ही दोन काचेच्या पेल्यांत पाणी घेतले, एकात विहिरीचे, एकात नळाचे, आणि प्रत्येकात दोन-दोन थेंब टाकले. नळाच्या पाण्यात किंचित धुरकटपणा आला. विहिरीचे पाणी मात्र पाहता पाहता ताकासारखे पांढरे झाले. तमिळनाडूहून आलेल्या आमच्या मिस्त्रींनी तो पेला उचलून उन्हात धरला, बराच वेळ पाहिला, आणि त्यानंतर विहिरीचे नाव कोणी काढले नाही. हातपाय आणि घमेली धुण्यापुरती ती विहीर राहिली. काँक्रीटला पाणी मारण्यासाठी, म्हणजे खांबांना गुंडाळलेली गोणपाटे ओली ठेवण्यासाठी, नळाचे पाणी पिंपांत साठवून ठेवावे लागे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नळ बेभरवशाचा असतो. गोणपाट वाळू द्यायचे नाही ही जबाबदारी शेजारच्या पंजाबी कुटुंबातल्या आजींनी आपणहून घेतली. पहाटे त्या गुरुद्वारात जाऊन येत आणि वाटेत आमच्या खांबांवर पाणी शिंपडून मग घरी जात. आम्ही त्यांना काही सांगितले नव्हते.

सर्वांत जास्त वेळ रिंगांनी घेतला. खांबाच्या उभ्या सळ्यांभोवती ज्या आडव्या रिंगा बांधतात, त्यांची टोके मुंबईत पुष्कळ ठिकाणी काटकोनात वळवून सोडून दिलेली मी पाहिली आहेत. भूकंपात काँक्रीटचे बाहेरचे आवरण गळून पडले की अशी रिंग उघडते आणि खांब फुटतो. टोक १३५ अंशांत वळवून आतल्या गाभ्यात रोवलेले असेल तर रिंग धरून राहते. हा फरक कागदावर एका रेघेचा आहे, पण हाताने वळवताना प्रत्येक रिंगेला जास्तीचा जोर आणि जास्तीचा वेळ लागतो, आणि दिवसाच्या शेवटी मनगटे भरून येतात. रांचीकडून आलेल्या मजुरांच्या तिसऱ्या पिढीतला एक मुलगा आणि मामांची नात, दोघे लाकडी फळीवर खिळे ठोकून साचा करून बसले आणि त्यांनी ते काम असे उचलले की नंतर मी तपासायला गेले तर चूक सापडेना. “आत्या, ही बघ, मुंबईपेक्षा चांगली झाली,” असे ती मला म्हणाली, आणि ते खरे होते. तिचे मराठी हिंदीच्या वळणाचे आहे, साताऱ्याला ती एकदाच गेली आहे, पण भजनाला बसली की टाळ तिच्या हातात आपसूक येतो.

त्या दोघांकडे पाहतानाच माझ्या मनातला विचार पक्का झाला. आपण स्वयंसेवक म्हणून जातो, महिना-दोन महिने घाम गाळतो आणि परत येतो. नंतरची तीस-चाळीस वर्षे त्या वास्तूपाशी ही मुले राहणार आहेत. पत्रा उडाला, तुळईला तडा गेला, रंग सोलला, तर मुंबईहून माणूस बोलवावा लागेल असे काहीही आपण तिथे बसवू नये. जे त्यांना स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बेटावर मिळणाऱ्या सामानाने आणि स्वतःच्या ऐपतीत दुरुस्त करता येईल, तेवढेच बांधावे. म्हणून भिंतींना साइटवरच ओतलेले पोकळ ब्लॉक, म्हणून उतरते पत्र्याचे छप्पर, म्हणून खांबांना कव्हर, म्हणजे सळईवरचे काँक्रीटचे आवरण, नेहमीपेक्षा जास्त, पन्नास मिलिमीटर. हे देऊळ देखणे होईल, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र त्याचे देखणेपण प्रमाणात आणि स्वच्छतेत असेल.

मामा आता थकले आहेत. साइटवर येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसत आणि फारसे बोलत नसत. मी एकदा त्यांना नकाशा दाखवला, तेव्हा त्यांनी शिखराकडे पाहिलेही नाही. “ओटा वाढव,” म्हणाले. “पाणी आलं तर माणसं कुठं बसतील?” जागा उंचावर आहे, तरीही मी जोते आणखी वाढवून घेतले आणि ओटा तिन्ही बाजूंनी रुंद केला. त्या सूचनेमुळे सिमेंटच्या गोणी कमी पडल्या आणि शेवटचा आठवडा आम्ही जहाजाची वाट पाहण्यात काढला, पण या वास्तूत सर्वांत मोलाचे काय असेल तर तो ओटा.

एक गोष्ट मात्र पुढच्या तुकडीने विसरू नये. हे बेट आधी शोंपेन आणि निकोबारी लोकांचे आहे. आपले काम वसाहतीच्या हद्दीत आहे आणि तिथेच राहिले पाहिजे. लाकूड, दगड किंवा माती यांसाठी रानाकडे वळायचे नाही. मामांच्या पिढीला सरकारने नेऊन वसवले, आपण मात्र पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने घरात जागा वाढवून मागू नये.

मंगळवार, रात्र

आज नागदेवी स्ट्रीटला जाऊन पत्र्यांचे बोल्ट पाहिले. साधे जस्त चढवलेले बोल्ट बेटाच्या खाऱ्या हवेत फार टिकत नाहीत, म्हणून स्टेनलेसचे घ्यायचे ठरले, आणि वायसर चांगल्या रबराचे. दुकानदार जुने, माहीतगार. कशासाठी हवे ते ऐकून त्यांनी स्वतः उठून आतून खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचा बोल्ट काढून दिला आणि नेहमीचा ३०४ ग्रेडचा समुद्राकाठी नेऊ नका म्हणून बजावले. किंमत बरीच जास्त आहे. फरशीसाठी ठेवलेल्या रकमेतून ती भागवावी लागेल; फरशीऐवजी तूर्त घोटलेला कोबा चालेल, असे मामांच्या घरूनही कळवले आहे.

मूर्ती पंढरपूरला सांगितली आहे. काळ्या पाषाणाच्या, हातभर उंचीच्या दोन मूर्ती, म्हणजे हातातून नेता येतील. बेटावरून एवढेच मागणे आहे की पायाखालची वीट दगडात कोरलेली असली तरी एक खरी, भाजलेली वीट पंढरपूरहून वेगळी आणावी आणि ती गाभाऱ्याच्या पायात बसवावी, कारण बेटावर वीट भाजली जात नाही. ती मी स्वतः नेणार आहे.

संध्याकाळी त्या ज्येष्ठ देणगीदारांचा फोन आला. शुक्रवारपासून मनात धाकधूक होती की ते दुखावले असतील. त्यांनी शिखराचा उल्लेख केला नाही. उलट पुष्कळ प्रश्न विचारले. छपराचे पाणी कुठे जाते, तिथे पाऊस किती महिने असतो, नळ बंद पडला की लोक काय करतात. मी सांगितले की मे महिन्याच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिथे मुंबईच्या कितीतरी आधी पोचतो, ईशान्य मोसमी पाऊसही मिळतो, आणि फक्त जानेवारी ते एप्रिल हे दिवस कोरडे जातात. म्हणजे ओट्याखाली टाकी बांधून छपराचे पाणी तिच्यात घेतले तर नेमक्या त्याच दिवसांत ते आसपासच्या घरांना पुरवता येईल. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ताई, टाकीचा आराखडा घेऊन या. पण तिच्यावर आमच्या आईचं नाव चालेल का?”

चालेल, असे मी त्याच क्षणी सांगून टाकले, कारण मामा याला नाही म्हणणार नाहीत हे मला माहीत आहे. उद्या टाकीच्या भिंतींची जाडी आणि सळ्यांचे गणित करायला बसते. भूकंपात आतले पाणी हिंदकळते आणि भिंतींवर वेगळा जोर येतो, तो धरावा लागेल. गुरुवारी सकाळी त्यांच्या घरी जायचे ठरले आहे.